बायोचारचे लिब्स आकडे दर वेळी वेगळे येतात? आधी पेलेट बघा, लेझरला हात शेवटी

बायोचारचं (शेतकचऱ्याच्या कोळशाचं) पोतं एकच, मशीन एकच, दिवसही तोच. सकाळी झिंक किलोला २१० मिलिग्रॅम, दुपारी ३४०. लिब्स म्हणजे लेझरच्या ठिणगीने धातू मोजण्याची पद्धत. ती वेगवान म्हणून घ्यायची आणि मग एकाच नमुन्याची पाच पेलेटं (पूड दाबून केलेल्या वड्या) मारत बसायचं, असा प्रकार होतो. पऱ्हाटी, तुराटी, बगॅस, तूस, करवंटी, कशाचाही बायोचार असो, तक्रारी फिरून फिरून याच येतात:

– एकाच पेलेटवर ३० जागी मारलं तर तांब्याचा किंवा झिंकचा आरएसडी (आकड्यांचा विखुरलेपणा, सरासरीच्या टक्क्यांत) २० टक्क्यांच्या वर.
– एका पेलेटवर आकडे छान जुळतात, पण त्याच पुडीतलं दुसरं पेलेट भलतंच सांगतं.
– सकाळी सगळं ठीक, जेवणानंतर सगळ्याच लाइन (स्पेक्ट्रममधल्या, प्रत्येक मूलद्रव्याच्या ठराविक तरंगलांबीच्या रेषा) हळूहळू खाली.
– २५० नॅनोमीटरच्या खालच्या लाइन बसल्या, वरच्या जागच्या जागी.
– लिब्सवर क्रोमियम, निकेल भरपूर, पण शेतात तसं काही असायचं कारण नाही.
– कॅडमियम प्रत्येक नमुन्यात 'सापडतं'.
– पोटॅशियम दुप्पट असलेल्या नमुन्यात आकडा जेमतेम सवाई.

यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ पेलेटमध्ये, लेन्सपुढच्या संरक्षक काचेवर किंवा पेलेटच्या उंचीत असतं. लेझर बिघडलेला असणं तसं दुर्मीळ. तरी पहिला हात जातो तो लेझरच्या एनर्जीच्या बटणाकडे. ते बटण फिरवलं की जुनं कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या नमुन्यांवरून बसवलेला हिशेब) वाया जातं आणि मूळ दोष झाकला जातो. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

पुढचे आकडे या जुळणीला धरून आहेत: १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर, ५० ते १०० मिलिज्यूल, ५ ते १० नॅनोसेकंदांचा पल्स, फायबरने जोडलेला सीसीडी स्पेक्ट्रोमीटर, नमुना साध्या हवेत. हातात धरायची मशीन असेल तर उंचीची आणि गेटची (ठिणगीनंतर किती वेळाने प्रकाश टिपायचा, त्याची) बटणं मिळणार नाहीत, बाकी सगळं लागू.

आणि एक गोष्ट कामाला हात लावण्याआधी. १०६४ डोळ्यांना दिसत नाही आणि हा वर्ग ४ चा लेझर आहे. त्याच तरंगलांबीसाठीचा, ऑप्टिकल डेन्सिटी लिहिलेला चष्मा हवा, साधा वेल्डिंगचा नको. झाकणाचा इंटरलॉक चिकटपट्टी लावून बंद करून काम करणारे लोक आहेत. तसं करू नका.

पहिली तपासणी: स्टीलची पट्टी (फुकट, दहा मिनिटं)

स्टेनलेस स्टीलची छोटी पट्टी घ्या, ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने एकाच दिशेने घासा, स्पिरिटने पुसा. तिच्यावर ३० जागी मारा, प्रत्येक जागी पहिले ३ शॉट टाकून द्या. क्रोमियमची ४२५.४३ नॅनोमीटरची आणि लोहाची एखादी ठळक लाइन पाहा. मग नेहमीच्या सेटिंगवर, काहीही न बदलता, बायोचारचं पेलेट मारा.

पट्टीवर आरएसडी ८ टक्क्यांच्या आत आणि पेलेटवर २५ असेल तर मशीनची चौकशी तिथेच थांबवा, दोष नमुन्यात आहे. दोन्हीकडे २५ असेल तर मशीन, काच किंवा उंची. धातू एकजिनसी असतो, त्यामुळे त्याच्यावर येणारा चढउतार मशीनचाच. बायोचारवर येणाऱ्या चढउतारात मात्र मशीन, पूड, ओल, धूळ सगळ्यांचा वाटा मिसळलेला असतो आणि तो नुसत्या आकड्यावरून वेगळा काढता येत नाही.

ही पट्टी फेकू नका. मशीन नवं किंवा नुकतंच सर्व्हिस झालेलं असताना तिचा एक स्पेक्ट्रम जपून ठेवा, पुढे तो कामाला येतो.

दुसरी: स्पेक्ट्रम डोळ्यांनी वाचा

सॉफ्टवेअरचा तक्ता बंद करा, पूर्ण स्पेक्ट्रम उघडा, चांगला शॉट आणि वाईट शॉट एकावर एक ठेवा. कार्बनची २४७.८६ ही खूण धरा.

सगळ्याच लाइन एकत्र खालीवर होत असतील तर एनर्जी, उंची, काच किंवा धूळ. कार्बन जागेवर आणि एकटं झिंक उड्या मारतंय तर पूड नीट मिसळलेली नाही, किंवा झिंकचा एखादा कणच ठिणगीखाली आला. फक्त अतिनील बाजू पडली असेल तर काचेवरची पुटं किंवा फायबर. हायड्रोजनची ६५६.२८ फुगली असेल तर ओल. मात्र बाइंडरमध्येही (पूड धरून ठेवायला मिसळलेल्या पदार्थातही) हायड्रोजन असतो, म्हणून तुलना त्याच कृतीच्या ताज्या, कोरड्या पेलेटशीच करा. नायट्रोजनची ७४६.८३ आणि ऑक्सिजनची ७७७ जवळची तिकडी कार्बनच्या मानाने वाढली असेल तर ठिणगी नमुन्यावर पडण्याऐवजी त्याच्या वर हवेतच फुटते आहे.

एवढं पाहिलं की पुढच्या निम्म्या तपासण्या गाळता येतात.

तिसरी: गरम होऊ द्या, खिडकी पुसा

फ्लॅशलॅम्पचा लेझर चालू केल्यावर २० ते ३० मिनिटं शॉट सुरू ठेवून तापू द्यावा लागतो, नुसता स्विच चालू ठेवून भागत नाही. थंड लेझरची एनर्जी पहिल्या काही शेकडा शॉटमध्ये सरकत राहते. डार्क स्पेक्ट्रम (ठिणगीशिवायचा कोरा स्पेक्ट्रम) तापल्यावर घ्या, झाकण बंद करून.

मग खिडकी. लेन्स आणि नमुना यांच्यामधली संरक्षक काच हा बायोचारचा खास बळी आहे. धातूवर काम करणाऱ्यांना आठवड्यातून एकदा पुसून चालतं, बायोचारवर ३० जागी ३ शॉट मारले की काचेवर करडा गोल दिसायला लागतो. दुपारनंतर सगळ्या लाइन खाली येण्याचं सगळ्यात साधं कारण हेच. त्यातही २१४ ची झिंक आधी मरते, कारण काजळी अतिनील प्रकाश जास्त खाते.

आधी फुग्याने हवा मारा. कोरड्या कपड्याने कधीही पुसू नका: तुसाच्या राखेत सिलिका असते, ती काचेवर ओरखडे काढते आणि ओरखडलेली काच पुढच्या पल्सला जळते. लेन्स टिश्यूवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब, काचेवर आडवं एकदाच ओढा, टिश्यू बदला, पुन्हा ओढा. गोल गोल घासणं नाही. पुसूनही डाग राहिला तर काच बदला. कॅलिब्रेशनच्या मानाने ती स्वस्त आहे.

चौथी: तरंगलांबी सरकली का

खोली ३१ अंशांवर गेली की स्पेक्ट्रोमीटरचा साचा किंचित फुगतो आणि लाइन ०.०५ नॅनोमीटरने सरकते. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण सॉफ्टवेअर लाइनभोवती ०.१ नॅनोमीटरचीच रुंदी मोजत असेल तर निम्मा पीक बाहेर. पारा-आर्गन दिवा असेल तर २५३.६५, ४०४.६६, ४३५.८३, ५४६.०७ तपासा. नसेल तर नमुन्यातच खुणा आहेत: कार्बन २४७.८६, कॅल्शियम ४२२.६७, पोटॅशियम ७६९.९०. तिन्ही एकाच बाजूला सारख्या सरकल्या असतील तर सॉफ्टवेअरमधून दुरुस्त करा. वेगवेगळ्या सरकल्या तर स्पेक्ट्रोमीटरचे चॅनेल (तरंगलांबीचे वेगवेगळे भाग टिपणारे कप्पे) हलले आहेत, ते खोलून बसू नका.

एसी २४ वर ठेवा आणि त्याचा झोत मशीनवर नको.

पाचवी: उंची

फोकस पृष्ठभागाच्या १ ते २ मिलिमीटर खाली ठेवा, बरोबर पृष्ठभागावर नाही आणि वर तर नाहीच. वर गेला की हवेतली धूळ आधी पेटते आणि पेलेटपर्यंत अर्धीच ऊर्जा पोचते. खाली असला तर पेलेट अर्धा मिलिमीटर इकडे तिकडे झालं तरी डागाचा आकार फारसा बदलत नाही.

पेलेटची जाडी व्हर्नियरने मोजा. एक ३.० आणि दुसरं ३.८ निघालं आणि दोन्ही एकाच स्टेजवर ठेवली, तर 'दुसरं पेलेट वेगळं सांगतं' ही तक्रार तिथेच सुटते. पूड दर वेळी तोलून घ्या, डोळ्याच्या अंदाजाने नको. वाकडं बसलेलं पेलेट ओळखायची खूण: एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे आकडे पायऱ्यांसारखे उतरत जातात.

सहावी: धूळ आणि शॉटचा वेग

कान द्या. चांगला शॉट 'टक्' असा कोरडा, प्रत्येक वेळी सारखा वाजतो. 'फस्' असा आवाज आला तर पेलेट भुसभुशीत आहे किंवा आधीच्या शॉटची धूळ अजून हवेत तरंगते आहे आणि पुढचा पल्स तिच्यातच खर्च झाला. आडव्या टॉर्चच्या प्रकाशात ती धूळ डोळ्यांनाही दिसते, पेलेटच्या वर बोटभर उंचीचा करडा झुबका.

१० हर्ट्झवरून १ किंवा २ हर्ट्झवर या. कडेने हलकं सक्शन द्या. ते तसंही हवंच, ही धूळ छातीत जायची गोष्ट नाही. आर्गन असेल तर हलका झोत ठेवा, सिग्नल वाढतो आणि सीएनचे (कार्बन-नायट्रोजनच्या रेणूचे) पट्टे दबतात. प्रज्ञान रोव्हरवरच्या लिब्सने ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रावर गंधक दाखवलं. तिथे हवा नसल्याने नायट्रोजनही नव्हता. आपल्याकडे कार्बन नमुन्यातला आणि नायट्रोजन हवेतला, असं त्यांचं लग्न प्रत्येक ठिणगीत लागतं.

एकाच खड्ड्यात ५ पेक्षा जास्त शॉट नकोत. खड्डा खोल गेला की ठिणगी भिंतींमध्ये कोंडते आणि आकडे बदलतात. त्यापेक्षा जागा वाढवा: ३० जागा, दीड मिलिमीटरचं अंतर, प्रत्येक जागी पहिला शॉट फेकून पुढचे ३. जागोजागी १५ टक्के फरक असला तरी ३० जागांच्या सरासरीत अनिश्चितता ३ टक्क्यांच्या आसपास येते.

सातवी: पेलेट

इथे वेळ घाला. एक शॉट साधारण मायक्रोग्रॅमभर माल उडवतो. ९० शॉट म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा, आणि त्यावरून सबंध पोत्याचा निकाल द्यायचा. पूड जाडीभरडी असेल तर एका खड्ड्याखाली एकच कण येतो, आणि आकडा त्या कणाचा असतो, नमुन्याचा नाही.

पोत्यातून घेताना वरून मूठभर घेऊ नका. ढीग करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा ढीग, पुन्हा चार. ड्रमच्या भट्टीतला माल वरचा आणि तळाचा खरोखर वेगळा असतो: झिंक आणि कॅडमियम तापमान चढलं की उडून जातात, राख तळाला बसते. काही वेळा मशीन खरंच बोलत असतं आणि नमुनाच दोन प्रकारचा असतो.

१०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, डेसिकेटरमध्येच थंड होऊ द्या. बायोचार ओल ओढतो. जुलैत कोकणात किंवा पुण्यातही उघड्या बशीत ठेवलेली पूड तासाभरात जड होते. डेसिकेटरमधली निळी सिलिका जेल गुलाबी झाली असेल तर ते डेसिकेटर नव्हे, नुसतं भांडं आहे.

दळून ७५ मायक्रॉनखाली आणा. नुसता बायोचार दाबून धरत नाही, सुटताना त्याचे पापुद्रे निघतात. म्हणून बाइंडर. १३ मिलिमीटरच्या डायसाठी ०.३५ ग्रॅम बायोचार, ०.१५ ग्रॅम मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज, अगेटच्या खलात दहा मिनिटं मिसळणं, मग ७ टन, ३ मिनिटं. १३ च्या बहुतेक डाय १० टनांपर्यंतच सोसतात, त्यामुळे 'अजून थोडं दाबू' म्हणून डाय फोडू नका. दाब एकदम सोडला तर आत अडकलेली हवा पेलेटचं टोपण उडवते, म्हणून अर्धा मिनिट घेऊन सोडा. चांगलं पेलेट नखाने ओरखडलं तर काळी रेघ उमटते, पण भुगा पडत नाही. बोटाला काळं लागत असेल तर ते पेलेट मारण्यात अर्थ नाही.

दोन विसरभोळेपणे इथे वारंवार होतात. पहिला, बाइंडरने पातळ झाल्याचा हिशेब न करणं: वरच्या प्रमाणात मशीनने १४० सांगितलं तर बायोचारमध्ये २००. कॅलिब्रेशनची पेलेटं बाइंडरशिवाय आणि नमुन्यांची बाइंडरसह, हा घोळ तर महिनोन्महिने लक्षात येत नाही. दुसरा, नुसत्या बाइंडरचं कोरं पेलेट कधीच न मारणं.

आता गणित. एकाच पुडीची पाच पेलेटं करा. पेलेटच्या आतला फरक ८ टक्के आणि पेलेटांमधला २५ असेल तर मिसळणं, तोलणं किंवा जाडी चुकली. आतलाच फरक ३० असेल तर दळणं, धूळ किंवा उंची. हे वेगळं न काढता सगळ्याची एक सरासरी ठोकून देणं हीच या कामातली सगळ्यात महागडी चूक.

आठवी: धातू आला कुठून

क्रोमियम आणि निकेल अचानक वाढले की आधी बॉल मिल बघा. तुसाचा बायोचार सिलिकामुळे पॉलिश पेपरसारखा घासतो आणि स्टेनलेसच्या भांड्यातून लोह, क्रोमियम, निकेल पुडीत उतरतं. अगेट किंवा झिर्कोनिया वापरा. टंगस्टन कार्बाइड वापरलं तर कोबाल्ट विसरा, ते भांड्यातूनच येतं.

चाळणी! पितळी चाळणीतून चाळायचं आणि मग तांबे-झिंक मोजायचं, हा विनोद कित्येक ठिकाणी रोज घडतो. नायलॉनची जाळी घ्या. वाळवायचा ट्रे जस्ताच्या मुलाम्याचा नको, तसाच भट्टीचा ड्रमही.

मातीचं दूषण वेगळं ओळखता येतं. ॲल्युमिनियमची ३९६.१५, सिलिकॉनची २८८.१६ आणि टायटेनियमच्या ३३५ च्या आसपासच्या लाइन पाहा. लोह, क्रोमियमच्या जोडीला टायटेनियम आणि ॲल्युमिनियमही वाढलं असेल तर पऱ्हाटीच्या मुळांना चिकटलेली काळी माती भट्टीत गेली. दख्खनच्या बेसॉल्टची माती, तिच्यात टायटेनियम आणि लोह भरपूर. टायटेनियम न वाढता नुसतं क्रोमियम-निकेल वाढलं असेल तर गिरणीच. पक्कं करायला शुद्ध क्वार्ट्झची वाळू त्याच भांड्यात तेवढाच वेळ दळा, तिचं पेलेट करा, मारा.

नववी: लाइन चुकीची निवडली आहे का

धातूंसाठी तयार केलेली लाइनची यादी बायोचारवर जशीच्या तशी चालत नाही. कार्बनची जोडी आणि सीएन हे दोन रेणू ठिणगीत पट्टे उमटवतात, आणि ते आपल्या टोकापासून जांभळ्या बाजूला पसरत जातात. कार्बन-जोडीचा पट्टा ४७३.७ पासून खाली ४६८ पर्यंत येतो, म्हणजे झिंकच्या ४६८.०१ आणि ४७२.२२ दोन्ही त्याच्या पोटात. तिसरी, ४८१.०५, बाहेर आहे, ती घ्या. तांब्याच्या ५१०.५५ आणि ५१५.३२ या ५१६.५ च्या पट्ट्यात सापडतात, ३२४.७५ आणि ३२७.४० स्वच्छ. क्रोमियमची ३५७.८७ सीएनच्या ३५९ च्या पट्ट्यात जाते आणि ४२८.९७ ला कॅल्शियमची ४२८.९४ खेटून बसते, म्हणून ४२५.४३. शिशाची ४०५.७८ वापरताना एका बाजूला पोटॅशियमच्या ४०४.४१ आणि ४०४.७२, जवळच मँगनीजची ४०५.५५, ही गर्दी ध्यानात ठेवा.

प्रत्येक नमुन्यात सापडणारं कॅडमियम? २२८.८० ला आर्सेनिकची २२८.८१ आहे, ती कुठलाही साधा स्पेक्ट्रोमीटर वेगळी करत नाही. आणि २२६.५० व २१४.४४ या लोहाच्या गर्दीत आहेत. मातकट बायोचारमध्ये लोह वाढलं की 'कॅडमियम'ही वाढतं. तिन्ही लाइन एकच आकडा सांगत नसतील तर कॅडमियम लिहू नका.

पोटॅशियमचं उलटं आहे. तिथे लाइन खूपच प्रबळ असते आणि ठिणगीच्या बाहेरचा थंड वायू स्वतःचाच प्रकाश गिळतो. ७६६.४९ आणि ७६९.९० यांचं गुणोत्तर २ च्या जवळ हवं. १.३ वर आलं असेल तर आकडा वाढायचा थांबणारच. पीकच्या माथ्यावर खाच दिसली तर प्रश्नच मिटला. कमजोर असलेली ४०४.४१ वापरा. तांब्याच्या ३२४.७५ आणि ३२७.४० साठीही हेच २ चं गुणोत्तर तपासा.

गेट डिले बदलता येत असेल तर १ ते १.५ मायक्रोसेकंद ठेवा. त्याआधी पांढरा झगमगाट लाइन बुडवतो. फार उशीर केला तर रेणूंचे पट्टे उरतात आणि धातूंच्या लाइन विझतात.

दहावी: कॅलिब्रेशन

आता मशीन स्थिर आहे, पेलेट चांगलं आहे, तरी आकडा आयसीपीशी (नमुना आम्लात विरघळवून धातू मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या यंत्राशी) जुळत नाही. मग कॅलिब्रेशन दुसऱ्याच मालाचं आहे. मातीच्या प्रमाणित नमुन्यांवर बायोचार मोजू नका. लेझर मातीतून वेगळ्या प्रमाणात माल उडवतो, काळ्या कार्बनातून वेगळ्या. ३५० अंशांवर केलेला आणि ७०० अंशांवर केलेला बायोचारही सारखा खोदला जात नाही. कार्बनच्या २४७.८६ ने भागून सुधारणा करायची सवय चांगली, पण कार्बनचं प्रमाण सारखं असेल तरच. तुसाच्या बायोचारात राख खूप आणि कार्बन कमी, लाकडाच्या बायोचारात उलट. दोन्ही एका रेषेवर बसवले की तुसाचं सगळं फुगतं.

कच्चा माल तोच ठेवून ८ ते १० नमुने निवडा, धातू कमी ते जास्त असे पसरलेले, आणि आयसीपीवर मोजून घ्या. कोऱ्या बायोचारवर धातूचं द्रावण ओतून केलेली स्टँडर्ड सोपी पडतात, पण ते मीठ कणांच्या अंगावर बसतं आणि पहिल्या शॉटलाच उडतं, खरा धातू मात्र कणाच्या आत असतो. आयसीपीच्या आकड्यालाही डोळे मिटून 'खरा' म्हणू नका: नुसत्या नायट्रिक आम्लात सिलिकामधला क्रोमियम पूर्ण उतरत नाही, हायड्रोफ्लुओरिक लागतं, आणि ते घरच्या प्रयोगशाळेचं काम नव्हे. तीन नमुने कॅलिब्रेशनच्या बाहेर ठेवा आणि दर महिन्याला त्यांच्यावरच परीक्षा घ्या.

अकरावी: एनर्जी मीटर आणि फायबर

इथपर्यंत आल्यावर स्टीलच्या पट्टीवरचा फरक अजून १५ टक्क्यांच्या वर असेल तरच. एनर्जी मीटर उसना मिळतो. १०० शॉटची नोंद घ्या. शॉटमागून शॉट फरक २ ते ३ टक्क्यांत हवा. सरासरी ठरलेल्या आकड्याच्या १० ते १५ टक्के खाली गेली असेल तर फ्लॅशलॅम्पची शॉट-मोजणी पाहा, थंड पाण्याची पातळी आणि फिल्टर पाहा. पाणी डीआयोनाइज्ड असावं, नळाचं नव्हे. संध्याकाळी सहानंतरच बिघडत असेल तर लाइनचं व्होल्टेज मोजा. स्टॅबिलायझर लेझरपेक्षा स्वस्त.

अतिनील बाजू पुसूनही परत आली नाही तर स्टीलच्या पट्टीचा जुना स्पेक्ट्रम काढा. २४० ते २६० मधल्या लोहाच्या लाइन ३७० च्या मानाने निम्म्या झाल्या असतील तर फायबर अतिनील प्रकाशाने आंधळा झाला आहे. तो पुसून बरा होत नाही. तेच टोक असलेला, सोलरायझेशन सोसणारा फायबर मागवा.

इथे हात थांबवा

लेझर हेडचं झाकण, पॉवर सप्लाय, फ्लॅशलॅम्प बदलणं, आरसे जुळवणं: कंपनीचा इंजिनिअर. वीज बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका विद्युतदाब शिल्लक असतो. इंटेन्सिफायर असलेला कॅमेरा प्रकाशाने एकदा भाजला की संपला, त्याची सेटिंग अंदाजाने वाढवू नका. लेझरच्या वाटेत आतल्या आरशावर तपकिरी ठिपका दिसला, जळका वास आला, चिलरने गळती दाखवली, तर तिथल्या तिथे बंद.

इंजिनिअरला फोन करण्याआधी चार गोष्टी हाताशी ठेवा: पट्टीचा आजचा आणि जुना स्पेक्ट्रम, एनर्जीच्या १०० शॉटची नोंद, लॅम्पची शॉट-मोजणी, खोलीचं तापमान. नाहीतर तो येऊन खिडकी पुसेल आणि भेटीचं बिल लावेल.

आणि नमुना बाहेर पाठवायची वेळ वेगळी. युरोपियन बायोचार सर्टिफिकेटच्या ईबीसी-ॲग्रो वर्गात कॅडमियमची मर्यादा किलोला १.५ मिलिग्रॅम आहे, पाऱ्याची १, आर्सेनिकची १३. शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये कॅडमियम ५, पारा ०.१५. हवेतल्या साध्या एका पल्सच्या लिब्सला बायोचारमध्ये हे आकडे विश्वासाने दिसत नाहीत, कितीही शॉट मारले तरी. ईबीसी-ॲग्रोच्याच झिंक ४००, तांबे १००, क्रोमियम ९० या मर्यादांच्या आसपास चाळणी लावायला हे यंत्र चांगलं: ढिगातली संशयित पोती बाजूला काढा. प्रमाणपत्रावर जाणारा आकडा, आणि कॅडमियम, आर्सेनिक, पारा यांचा प्रत्येक आकडा, मायक्रोवेव्ह डायजेशन करून आयसीपी-एमएसवरच.